फलकावरचे दोन शब्द

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘शाळेनंतरचं माझं जग’. गेली चोवीस-पंचवीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यावर दहा मिनिटं बोलले तर जेवणाच्या रांगेत माझ्या शेजारी कोणी उभं राहणार नाही. म्हणून मी विमानांबद्दल बोलणार आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या, लाकडाच्या आणि कापडाच्या विमानांबद्दल. हा नाद मला याच इमारतीत लागला.

आठवीतलं विज्ञान प्रदर्शन आठवतंय? आम्ही चौघांनी ‘मरुत्सखा’ विमानाचा नमुना केला होता. ‘आम्ही’ म्हणजे खरं तर एकानेच. तो लालबागच्या चाळीत राहायचा. १९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणीतली नोकरी गेली ती गेलीच. हा संध्याकाळी मखरं आणि आकाशकंदील बनवणाऱ्यांकडे कामाला जायचा. त्यामुळे बांबूच्या कामट्या कशा तासायच्या, खळ किती घट्ट शिजवायची, ओला कागद वाळताना ताणला जातो तो कसा वापरून घ्यायचा, हे सगळं त्याच्या हातात होतं. माझं अक्षर बरं म्हणून मला फलक दिला. मी लिहिलं : ‘जगातील पहिले विमान. उड्डाण १८९५, गिरगाव चौपाटी. निर्माते शिवकर बापूजी तळपदे.’ खाली आम्हा चौघांची नावं.

बाई आल्या, फलक वाचला आणि विचारलं, “हे तुला कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, “बाई, सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना माहीत आहे हा पुरावा नव्हे. वर ‘असं म्हणतात’ एवढे दोन शब्द लिही.”

मला रडूच फुटलं. आपल्या चौपाटीवरचं विमान, आणि बाईच त्याचे पंख छाटतायत! माझ्या हातातला स्केचपेन घेऊन त्याने ते दोन शब्द मुकाट्याने लिहिले. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि बाईंवरचा माझा राग दहावीपर्यंत टिकला. बाई समोर बसल्या आहेत, म्हणून आज कबूल करून टाकते.

तळपदे खोटे नव्हते. चिराबाजार भागात राहणारा, जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेला हा माणूस विमानविद्येच्या ध्यासाने झपाटलेला होता, हे खरं. पण १८९५ च्या उड्डाणाचा ठाम पुरावा, म्हणजे त्या दिवसाची बातमी, आराखडा, यंत्राचा एखादा तुकडा, समोर आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार सांगितला जातो, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तपासलं. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये हा वाद पुन्हा पेटला, तेव्हा ऑफिसातले सगळे तावातावाने बोलत होते आणि मला मात्र फलकावरचे ते दोन शब्द दिसत होते.

राइट बंधूंचं उलट आहे. १७ डिसेंबर १९०३, पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. साक्षीदार पाच, आणि विमान जमिनीवरून सुटतानाचा फोटो. २००३ मध्ये शताब्दीच्या दिवशी त्याच किटी हॉकला त्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती हजारो लोकांसमोर उडवायला काढली. पाऊस पडला होता, वारा नव्हता. विमान रुळावरून सरकलं आणि चिखलात बसलं. पण त्यामुळे राइट बंधू कोणी खोटे ठरवले नाहीत, कारण नोंद पक्की होती. प्रतिकृती करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे तो याचसाठी. त्यांना ‘असं म्हणतात’ चालत नाही. खिळा कुठला, कापड कुठलं, तार किती ताणायची, प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यावं लागतं. आणि चुकलं तर विमान स्वतःच सांगतं.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त लंडनला होते. एका रविवारी हेंडनचं विमानसंग्रहालय पाहायला गेले. तिथे ‘सॉपविथ डॉल्फिन’ उभं आहे. पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान. मूळ सुट्या भागांवरून पुन्हा उभं केलेलं. अमेरिकेत ओल्ड राइनबेक इथे कोल पॅलेन नावाच्या माणसाने याच विमानाची प्रतिकृती बांधून उडवली होती.

डॉल्फिन दिसायला विचित्र आहे. खालचा पंख वरच्या पंखाच्या पुढे. वरच्या पंखात मधोमध उघडी चौकट आणि वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून बाहेर. वरचं आकाश अगदी मोकळं दिसतं. पण उतरताना विमान उलटलं तर पहिला मार डोक्याला. २०० अश्वशक्तीचं इंजिन, त्याचे गिअर अधूनमधून दगा देणारे. सांगाडा लाकडाचा, वर कापड, आणि त्या कापडाला असं रोगण की वाळताना ते ताणून घट्ट बसतं. ते वाचलं आणि मला आमची खळ आठवली. पॅराशूट? ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा देतच नसत.

हॉटेलवर परत आल्यावर डॉल्फिन कोणी कोणी उडवलं ते शोधत बसले. आणि एक आडनाव दिसलं : वेलिणकर. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर.

ब्रिटिश सैन्यात हिंदी माणसाला अधिकारीपद मिळणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं. तरी चार हिंदी तरुण रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झाले. हरदितसिंग मलिक, ते जगले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. एरॉल सेन; ते १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. इंद्रलाल रॉय, जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत दहा विमानं त्यांच्या नावावर लागली आणि २२ जुलैला ते गेले, वय १९. आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं आहे. आणि चौथे आपले वेलिणकर. २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन उडवायचे. २७ जून १९१८ ला त्यांचं विमान पडलं आणि ३० जूनला शत्रूच्या ताब्यात, जखमांनी, त्यांचा मृत्यू झाला.

पुढची गोष्ट मला विमानापेक्षा मोठी वाटते. जर्मनांनी त्यांना रीतसर पुरलं होतं. पण क्रुसावर नाव पडलं होतं ‘वुमकर’. घरच्यांनी पाठपुरावा केला, एका इंग्रज अधिकाऱ्याने शोध घेतला, तेव्हा हा वुमकर म्हणजे मुंबईचा वेलिणकर हे उघड झालं. आज फ्रान्समध्ये आमियाँजवळच्या हांगार गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे, खऱ्या नावाने. मुंबईतल्या घरच्यांनी चिकाटी धरली नसती, तर तो माणूस कायमचा वुमकरच राहिला असता.

आपल्याला शाळेत तळपदे सगळ्यांना माहीत होते, वेलिणकर मला तरी कोणी सांगितलेले आठवत नाहीत. जे सिद्ध झालेलं नाही ते तोंडपाठ, आणि ज्याची तारीख, स्क्वाड्रन, विमान, कबर सगळं आहे ते गायब. हे मी ऑफिसात, घरी, मुलीला मोठ्या तोऱ्यात सांगत फिरले.

आणि आता माझी गोष्ट. या स्मरणिकेतली आपल्या तुकडीची यादी मी केली आहे. कॉम्प्युटरचं काम म्हणून समितीने माझ्याकडे दिलं, मी दहावीची निकालाची यादी घेतली आणि एका बैठकीत टाइप करून टाकली. दोनदा तपासली. मुद्रणाला जायच्या आठ दिवस आधी ग्रुपवर कोणीतरी विचारलं, “अगं, आपला विमानवाला कुठे आहे यात?”

तो नव्हता. कारण नववीत त्याने शाळा सोडली. घरी पैसे हवे होते. दहावीच्या यादीत तो असणारच कसा? शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव मी फ्रान्सच्या दफनभूमीपर्यंत शोधत गेले, आणि दोन वर्षं शेजारच्या बाकावर बसलेला मुलगा माझ्या यादीतून गळला. तो एकटाच नाही. ग्रुपवर सगळ्यांनी आठवून आठवून आणखी पाच नावं काढली.

लालबागला शोधत गेले. फार शोधावं लागलं नाही. त्याचा आता स्वतःचा मखराचा कारखाना आहे, हाताखाली चार माणसं आहेत. मी यादी पुढे केली आणि म्हटलं, तुझं नाव तूच लिही. त्याने लिहिलं आणि हसून म्हणाला, “आडनावातला ‘ळ’ नीट बघून घे. आठवीच्या फलकावर तू ‘ल’ लिहिला होतास.”

तीस वर्षं! बक्षिसाच्या फोटोतही तो चुकीचाच ‘ल’ आहे. घरी जाऊन पाहिलं.

मग मी म्हटलं, पण आपलं विमान काय उडालं होतं रे, गच्चीवरून थेट समोरच्या चाळीपर्यंत! मुलीला मी कितीदा तरी हे सांगितलं आहे. त्याने चहाचा कप खाली ठेवला. “कुठलं उडालं? सोडलं आणि सरळ खाली. पाण्याच्या पिंपावर पडलं. डावा पंख मी रात्री परत चिकटवला, म्हणून तर दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात ठेवता आलं.”

मित्रांनो, स्मरणिकेची यादी आता ‘आठवी ते दहावी या वर्गात बसलेले सगळे’ अशी केली आहे. तरीही कोणी राहिलं असेल तर जेवणाआधी मला सांगा. सोबत एक पुरवणी पान जोडायची समितीने परवानगी दिली आहे. आपलं नाव ज्याने त्याने स्वतः तपासा.

तो आज आला आहे, मागच्या रांगेत आहे. भाषणात नाव घ्यायचं नाही या अटीवर आला आहे, म्हणून घेत नाही. ते यादीत आहे, ‘ळ’ सकट.

आणि बाई, आमचं विमान उडालं नव्हतं. हे मी साक्षीदाराला विचारून सांगते आहे. इथे ते दोन शब्द लागणार नाहीत.