जड झालेले सुकाणू

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त ठाणे जिल्ह्यातील शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्ता सुरक्षेची भाषणे बहुधा वेग, मद्य, शिरस्त्राण आणि आसनपट्टा या चार विषयांभोवती फिरतात, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी एका वेगळ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. जुन्या मोटारीचे पॉवर स्टिअरिंग वाटेत अचानक बंद पडले, तर चालकाने काय करावे, हा तो प्रश्न होय. मी कलाशाखेचा पदवीधर आहे. यंत्रशास्त्राची परिभाषा माझ्यापाशी नाही. म्हणून जे सांगावयाचे ते साध्या बोलीतच सांगेन.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात महत्त्वाचा का, ते प्रथम पाहू. मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांतून जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामासाठी ठाण्यास येणारे आपण अनेकजण स्वतःच्या मोटारीने येतो. ती मोटार पुष्कळदा दुसऱ्या हाताची आणि दहा-पंधरा वर्षे चाललेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. शासकीय वाहनांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण बंद झाले. खाजगी मोटारीला मात्र ती मर्यादा सरसकट लागू नाही. तेव्हा ज्याची मोटार जुनी, त्यानेच तिच्या प्रकृतीची काळजी वाहिली पाहिजे, असा याचा अर्थ आहे.

सोयीचा इतिहास

मोटारीचे चाक वळविण्यासाठी यंत्राची मदत घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ मध्ये अशी रचना मोटारीवर बसवून दाखविली. प्रवासी मोटारीत ती विक्रीस आली ती १९५१ मध्ये, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल मोटारीत. विजेच्या मोटरने मदत देणारी रचना जपानमध्ये १९८८ साली सुझुकीच्या एका लहान मोटारीत आली.

आपल्याकडे ॲम्बॅसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या मोटारींनी दोन पिढ्या वाहिल्या, त्या चालकाच्या मनगटाच्या बळावर. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० हीसुद्धा पॉवर स्टिअरिंगवाचूनच आली. कल्याण परिसराला तर मोटारनिर्मितीही नवी नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रीमियर आणि फ्रान्समधील प्यूजो यांच्या संयुक्त उद्योगाची ‘३०९’ ही मोटार येथील कारखान्यातून बाहेर पडत असे. त्यानंतरच्या काळात पॉवर स्टिअरिंग हळूहळू लहान मोटारींतही आले आणि आता त्यावाचून मोटार चालविण्याची आपली सवयच मोडली आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. “पूर्वी आम्ही पद्मिनी चालवीतच होतो, मदत गेली तर काय बिघडले?” असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. परंतु पद्मिनीचे सुकाणू मदतीवाचून फिरावे अशाच बेताने बनविलेले होते. चाक पुष्कळ फेरे फिरवावे लागे, पण हलके फिरे. पॉवर स्टिअरिंगच्या मोटारीत फेरे कमी ठेवलेले असतात, टायर रुंद असतात आणि पुढील भागाचे वजनही अधिक असते. त्यामुळे मदत गेली की ती जुन्या मोटारीहूनही जड लागते. साठीच्या पुढील गृहस्थास, खांद्याचे दुखणे असलेल्या भगिनीस किंवा नवशिक्या चालकास हा फरक ऐन वळणावर कळला, तर अनर्थ ओढवू शकतो.

मदत कोठून येते?

जुन्या मोटारींत दोन प्रकार आढळतात. पहिल्यात इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाला दाब देतो. ते तेल जाड रबरी नळीतून पुढील चाकांमधील रॅकपर्यंत जाते आणि चाके वळविण्याच्या कामी हात देते. दुसऱ्या प्रकारात तेल नसते. चालक चाकावर किती जोर लावतो हे एक संवेदक ओळखतो आणि त्या मानाने विजेची मोटर मदत करते. आपली मोटार कोणत्या प्रकारची आहे, हे मालकाने आजच पाहून ठेवावे. बॉनेटखाली सुकाणूच्या चाकाचे चित्र असलेली तेलाची लहान डबी दिसली, तर ती बहुधा पहिल्या प्रकारची समजावी.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. हातातील चाक आणि रस्त्यावरील चाके यांच्यामधील लोखंडी जोड कायमच असतो. मदत गेली म्हणजे मोटार वळेनाशी झाली असे नव्हे. ती जड झाली एवढेच. ही एक गोष्ट मनात पक्की असली तर निम्मी भीती नाहीशी होते.

परंतु जड होणे आणि सैल होणे यांतील भेद ओळखता आला पाहिजे. सुकाणू जड झाले तर मदत गेली. ते सैल झाले, चाक फिरवूनही मोटार उशिरा प्रतिसाद देऊ लागली, खड्ड्यातून जाताना खटखट ऐकू येऊ लागली किंवा मोटार आपोआप एका बाजूस ओढू लागली, तर जोडातच दोष असण्याचा संभव असतो. जड सुकाणूने मोटार जपून बाजूस घेता येते. सैल सुकाणूने मात्र थांबल्यानंतर एक पाऊलही पुढे जाऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ अन्वये सुकाणूची यंत्रणा सुस्थितीत असली पाहिजे आणि चाकातील सैलपणा ३० अंशांहून अधिक असता कामा नये.

वाटेत मदत गेली तर

एक उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यातील बैठक आटोपून आपण पावसात मुरबाडकडे निघालो आहोत. मुंब्रा बाह्यवळण आणि शीळफाटा मागे पडून मोटार कल्याण-शीळ रस्त्याला लागली आहे. एका ठिकाणी साचलेल्या पाण्यातून ती जाते आणि लगेच चाक दगडासारखे जड होते. अशा वेळी पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

चाक दोन्ही हातांनी, घड्याळातील नऊ आणि तीन या अंकांच्या जागी घट्ट धरावे. पायाने एकदम ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडून वेग हळूहळू उतरू द्यावा. चारही इंडिकेटर एकदम लावून मागील वाहनांस सूचना द्यावी. इंजिन चालू असेल तर ते बंद करू नये आणि चालत्या मोटारीत किल्ली काढण्याचा विचारही करू नये. किल्ली काढल्यास सुकाणूचे कुलूप बसण्याचा धोका असतो. इंजिनच बंद पडल्यामुळे मदत गेली असेल, तर मोटार न्यूट्रलमध्ये घेऊन ते पुन्हा चालू करून पाहावे. दरम्यान ब्रेकही जड होतो, हे विसरू नये. त्याचा साठलेला जोर थोड्याच दाबांत संपतो. म्हणून ब्रेक पुनःपुन्हा न मारता एकदाच, भरपूर जोराने दाबून धरावा.

थांबण्याची जागा निवडताना तीव्र वळण टाळावे. मोटार चालती असताना जड सुकाणूही काही प्रमाणात वळते; सर्वांत अधिक जोर लागतो तो मोटार उभी असताना किंवा अगदी सावकाश असताना. म्हणून पुलासारख्या अरुंद जागी किंवा चौकाच्या मध्यभागी थांबण्याची वेळ येऊ देऊ नये. आधीच डावीकडे सरकून सरळ, रुंद कडा गाठावी. मोटारीमागे काही अंतरावर त्रिकोणी फलक ठेवावा आणि सर्वांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे. मदत लागल्यास ११२ हा क्रमांक आहे.

दिवे काय सांगतात?

थांबल्यावर डॅशबोर्ड पाहावा. सुकाणू जड होण्याबरोबरच बॅटरीचा लाल दिवा लागला असेल, तर पट्टा निसटला किंवा तुटला असण्याचा दाट संभव असतो. पुष्कळ मोटारींत हाच एक पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवितो. अशा मोटारीने “कल्याण तर आलेच” म्हणून पुढे जाणे म्हणजे इंजिन भाजून काढणे होय. दुरुस्ती पट्ट्याची असते, पण खर्च इंजिनाचा होतो. पट्टा नुसता पाण्याने ओला होऊन घसरला असेल, तर तो वाळल्यावर मदत परत येते. तरीही तो जुना झाला आहे, हा इशारा घेतला पाहिजे.

विजेच्या प्रकारात सुकाणूच्या चाकाचे चित्र असलेला दिवा लागतो. बॅटरी दुबळी होणे, फ्यूज जाणे, जोडणीत पाणी शिरणे किंवा उंदरांनी तारा कुरतडणे ही त्याची नेहमीची कारणे होत. पावसाळ्यात इमारतीच्या आवारात अनेक दिवस उभ्या राहणाऱ्या मोटारींना हे शेवटचे कारण विशेष लागू पडते. अरुंद जागेत मोटार लावताना चाक वारंवार टोकापर्यंत फिरविले, तर मोटर तापून मदत काही काळ कमी होते आणि थंड झाल्यावर पुन्हा मिळते. याउलट, दिवा न लागता सुकाणू काही दिवसांपासून थोडे थोडे जड होत असेल, तर प्रथम पुढील टायरमधील हवा पाहावी.

बिघाड अचानक होत नाही

बिघाड अचानक जाणवतो. त्याची तयारी पुष्कळ आधीपासून चाललेली असते. रबर वयोमानाने कडक होते, पट्ट्याला भेगा पडतात, नळीच्या सांध्यांतून तेल पाझरते. रॅकच्या दोन्ही टोकांस घडीची रबरी टोपणे असतात. आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांनी आणि खडीने त्यांतील एखादे फाटले की पावसाचे पाणी आणि चिखल आत शिरतो, रॅकच्या दांड्यावर गंज धरतो आणि तो गंज आतील तेलबंदांना कापत जातो. पन्नास पावले पुढचा खर्च असा एका फाटलेल्या टोपणातून सुरू होतो.

म्हणून महिन्यातून एकदा डबीतील तेलाची पातळी पाहावी. सकाळी मोटार काढताना तिच्या पुढील भागाखाली तेलाचा डाग आहे का, ते पाहावे. पुष्कळ मोटारींत हे तेल लालसर असते. चाक फिरविताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर तेल कमी झाल्याची किंवा त्यात हवा शिरल्याची ती खूण समजावी. मोटारीसोबतच्या पुस्तिकेत सांगितलेले तेलच घालावे. घाईत ब्रेकचे तेल ओतू नये. त्याने आतील रबर खराब होते. कोरडा पंप फिरवीत राहिल्यास तो झिजून त्याचा लोखंडी चुरा रॅकमध्ये जातो आणि दुरुस्ती दुप्पट होते. शिवाय दाबाखालील तेल इंजिनाच्या तापलेल्या भागांवर उडाल्यास आग लागण्याचा धोका असतो. चाक टोकाला नेऊन काही सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवू नये.

गॅरेजमध्ये “पूर्ण रॅकच बदला” असा सल्ला मिळाला, तर घाबरून मान डोलावू नये. तेल, पट्टा, नळी, तेलबंद, पंप आणि शेवटी रॅक या क्रमाने तपासणी करण्याचा आग्रह धरावा. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येणारी सेवा आहे. मात्र खर्च वाचावा म्हणून मदतीवाचूनच मोटार वर्षानुवर्षे चालविणे हेही शहाणपणाचे नाही. सदोष वाहन जाणूनबुजून रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये दंडनीय अपराध आहे.

घाटातील एक सवय

शेवटी एका सवयीविषयी सांगणे मला आवश्यक वाटते. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करून मोटार घरंगळत नेणारे चालक अजूनही आढळतात. ज्या मोटारींत यंत्राची मदतच नव्हती त्या काळापासून ही सवय चालत आली आहे. आजच्या मोटारीत इंजिन बंद केले की सुकाणूची मदत तत्काळ जाते आणि ब्रेकचीही थोड्याच वेळात संपते. म्हणजे बिघाड नसताना चालक स्वहस्ते बिघाड ओढवून घेतो, आणि तोही दरीच्या काठावर. वाचणारे इंधन काही थेंबांचे असते. बंद मोटार दोरीने ओढून नेतानाही हीच स्थिती असते. त्या वेळी किल्ली फिरवून सुकाणूचे कुलूप उघडे ठेवावे, वेग अगदी कमी ठेवावा आणि चाकावर बळकट, जाणता माणूस बसवावा.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, शाळेत मुले आणणाऱ्या वाहनांच्या चालकांशी आपण या विषयावर एकदा बोलावे. पंचायत सदस्यांनी गावातील प्रवासी वाहनांच्या मालकांपर्यंत ही माहिती न्यावी. आणि आपण सर्वांनी येत्या रविवारी एक लहानसा प्रयोग करावा. मोकळ्या, सपाट मैदानावर मोटार उभी करावी, हातब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवून किल्ली फक्त सुकाणू उघडण्यापुरती फिरवावी आणि चाक सावकाश थोडे वळवून पाहावे. किती जोर लागतो ते घरातील मोटार चालविणाऱ्या प्रत्येकाने स्वतः अनुभवावे. ते वजन एकदा हातांना ओळखीचे झाले की, पावसात, अंधारात, भर रहदारीत ते अकस्मात समोर आले तरी हात चाकावरून सुटणार नाहीत.