बाळाचे कपडे, दहिसरचा पाऊस आणि घरातली चार मतं

आजच्या भागात ना करिअर, ना कोडिंग. आज आपण लहान मुलांचे कपडे कसे वाळवायचे यावर बोलणार आहोत. हसू नका. ज्यांच्या घरी एक वर्षाच्या आतलं बाळ आहे आणि बाहेर जुलै महिना चालू आहे, ते आत्ता हसत नसतील.

आम्ही राहतो दहिसर पश्चिमेला, अकराव्या मजल्यावर. सासू-सासरे, नवरा, मी आणि आमची नऊ महिन्यांची लेक. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटची, त्यामुळे बाल्कनी नाही. आमच्या जुन्या चार मजली बिल्डिंगला होती. हे का झालं ते मी शोधलं, कारण मला राग कोणावर काढायचा ते कळायला हवं होतं! तर मुंबईत २०१२ च्या आधी बाल्कनीचा ठरावीक भाग एफएसआयमध्ये मोजत नसत. त्या वर्षी जानेवारीत नियम बदलले आणि बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे सगळं एफएसआयमध्ये धरायला लागले. मग बिल्डर म्हणाले, फूट मोजलंच जाणार असेल तर ते खोलीत टाकू, खोली मोठी दिसते. तेव्हा जे नकाशे निघाले त्यातलाच आमचा एक. किचनला लागून एक कोनाडा आहे, त्याला ब्रोशरमध्ये ‘ड्राय एरिया’ म्हटलंय. तिथे वॉशिंग मशीन मावतं आणि मशीनच मावतं. गच्चीला कुलूप. समोरच्या बाजूला कपडे लावायला सोसायटीची मनाई. राहिली मागच्या बेडरूमची पश्चिमेची खिडकी आणि तिच्या ग्रिलबाहेरची एक दांडी.

या एका दांडीवर आमच्या घरात चार मतं आहेत.

पहिलं मत सासूबाईंचं. मी त्यांना आई म्हणते. आईंचं म्हणणं, बाळाच्या कपड्यांना ऊन लागलंच पाहिजे, पाच मिनिटं मिळालं तरी चालेल. दुपटी, झबली, लंगोट बाहेरच घालायचे आणि तिन्हीसांजेच्या आत घरात घ्यायचे. लंगोट पिळायचे नाहीत, बाळाच्या पोटात पीळ पडतो. मशीन तर फिरवून फिरवून पिळतं, त्यामुळे ते त्यांना तत्त्वतः मान्य नाही. तरी गेल्या काही महिन्यांत त्यांनी ‘मशीन पिळत नाही, झटकतं’ अशी पळवाट स्वतःच शोधून काढली आहे.

दुसरं मत माझ्या मम्मीचं, ते चिपळूणहून फोनवरून येतं. तिच्याकडे आमच्यापेक्षा जास्त पाऊस. तिथे उन्हाची वाट बघत बसलं तर बाळ दसऱ्यापर्यंत उघडंच राहील. तिच्या लहानपणी शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूची टोपली उपडी ठेवायचे, टोपलीवर लंगोट पसरायचे, आणि निखाऱ्यावर थोडा ओवा, वावडिंग. कपडे वाळायचे आणि वासही छान यायचा. ‘तुमच्याकडे शेगडी नाही का?’ हे ती दर पावसाळ्यात विचारते.

तिसरं मत नवऱ्याचं : ड्रायर घेऊ. चौथं माझं : मशीनमध्ये जास्तीत जास्त स्पिन, मग बेडरूममध्ये स्टँड आणि पंखा. सासऱ्यांचं मत नाही. ते म्हणतात, मला जेवायला वाढा आणि मग काय ते ठरवा.

आता इंजिनिअर असल्यामुळे मी आकडेमोड केली. तुम्हीही करून बघा, सोपी आहे. बाळाचे कपडे, आमचे टॉवेल मिळून रोज साधारण दोन किलो कोरडं वजन होतं. चांगला स्पिन झाल्यावरही कपड्यांत त्यांच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतं. म्हणजे एक लिटर. हे एक लिटर पाणी कुठेतरी जायला हवं, आणि जायला जागा एकच, हवा.

आमची बेडरूम दहा बाय दहा, उंची नऊ फूट. म्हणजे पंचवीस घनमीटर हवा. २८ अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प मावतं. मुंबईत पावसाळ्यात हवा आधीच ८५ टक्के भरलेली असते. मग त्या अख्ख्या खोलीत आणखी किती पाणी मावेल? शंभर ग्रॅमच्या आसपास. आपल्याला घालवायचंय एक हजार. म्हणजे खिडकी बंद करून पंखा लावला तर तो तीच ओली हवा त्याच ओल्या कपड्यांवर फिरवत बसतो. शंभर ग्रॅमनंतर वाळणं जवळपास थांबतं, आणि मग भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते. खिडकी उघडी ठेवून खोलीतली हवा निदान दहा वेळा तरी बदलायला हवी. बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवून त्याचं दार उघडं ठेवलं तर ती बदलते. पावसात खिडकी चार बोटं उघडी ठेवणं सगळ्यांना वेडेपणाचं वाटतं, पण बाहेरची हवा ८५ टक्के असते आणि आतली तोवर ९५ च्या पुढे गेलेली असते.

आणि याच हिशोबात मम्मीची शेगडी बसते! तीच हवा २८ वरून ३३ अंशांना नेली, त्यात पाणी तेवढंच ठेवलं, तर ८५ टक्क्यांची आर्द्रता ६५ वर येते. पाच अंशांत एवढा फरक. टोपलीखाली गरम हवा वर चढते, विणीतून आरपार जाते, जाताना पाणी घेऊन जाते. ड्रायरमध्ये हेच होतं, फक्त विजेवर. मी मम्मीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग मी काय सांगत होते?’ फक्त एक गोष्ट, कौलारू घरात धूर आणि वायू वर निघून जायचे. फ्लॅटच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी अजिबात ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या बाळाला तो कळतही नाही. हे मी मजेत सांगत नाहीये.

आता कुबट वास. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी या वासामागचा मुख्य जिवाणू दाखवला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. धुतल्यानंतरही कापडात तो थोडाफार उरतो आणि कपडा जितका वेळ ओला, तितका वाढतो. जपानमध्ये घरात कपडे वाळवणं इतकं रोजचं आहे की त्याला वेगळा शब्द आहे, त्यासाठी वेगळे डिटर्जंट मिळतात, बऱ्याच घरांत बाथरूममध्येच गरम हवेची सोय असते. आपल्याकडे आपण वासावर अत्तरवालं लिक्विड ओततो. त्याने वास झाकला जातो, आणि लंगोटाचं कापड पाणी कमी शोषायला लागतं, जे लंगोटाचं एकमेव काम आहे. मुद्दा वेळेचा आहे. कपडे सहा तासांत वाळले तर वास येत नाही, दीड दिवस लागला तर येतोच.

मग ऊन? आईंचं चूक नाही. सूर्यप्रकाशाने जिवाणूंची वाढ थांबते हे डाऊन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ मध्येच दाखवलं होतं. पण ऊन थेट लागायला हवं. खिडकीची काच जंतू मारणारे अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात अडवते. त्यामुळे स्लायडिंग बंद करून आत स्टँडवर पडलेलं ऊन म्हणजे नुसती ऊब. आणि जुलैत ते ढगाआडून किती मिळणार? ऑक्टोबर ते मे मात्र मी आईंच्या पक्षात आहे. पश्चिमेचं दुपारचं ऊन दोन तासांत दुपटी कडक करून देतं.

कपडे आत घेताना झटकायचे, हाही त्यांचा नियम, आणि तो मी कधीच मोडत नाही. शेवग्यावरच्या सुरवंटाचे केस एकदा झबल्याला लागले तर बाळ रात्रभर रडतं. आणि वाळलेले कपडे कपाटात ठेवताना डांबर गोळ्या नकोत, हे आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटू शकतात. कमतरता आहे की नाही हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं.

तर शास्त्रात सगळ्यांना थोडे थोडे मार्क मिळाले. भांडण तरीही मिटलं नाही, आणि मिटत का नाही ते मला वर्क फ्रॉम होमच्या दिवशी दिसलं.

आमच्या खिडकीतून खाडीपलीकडे गोराईचा पॅगोडा दिसतो. त्याचं सोनेरी टोक करडं व्हायला लागलं की आई हातातलं काम टाकून उठतात. टोक दिसेनासं झालं की पाचेक मिनिटांत सर दहिसरला येते. त्या वेळात चोवीस चिमटे काढून कपडे आत. मग सर थांबते, पॅगोडा उजळतो, कपडे बाहेर. मी मीटिंगमध्ये बसून एका दिवसात मोजलं, सात वेळा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तो सगळा आई खिडकीत उभ्या राहून बघतात. गुरुवारी चार वाजता त्यांचं भजनी मंडळ असतं. जूनपासून त्या एकदाही गेल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘कपडे बाहेर असतात ना.’

नवरा म्हणाला, तुला कोणी सांगितलंय? म्हणूनच म्हणतो, ड्रायर घेऊ.

त्या म्हणाल्या, ‘मग मी काय करू?’

मला ते वाक्य आधी नीट कळलं नाही. मला वाटलं, रिकाम्या वेळात काय करू असं त्या विचारतायत. पण लेकीच्या खाण्याचं आम्ही डॉक्टरांना विचारतो, झोपेचं ॲपमध्ये बघतो, मालीशवाल्या मावशी वेगळ्या. या घरात बाळाचं एकच काम असं उरलंय ज्यात आईंचा शब्द शेवटचा असतो. आणि ते आम्ही तीस हजारांच्या मशीनला द्यायला निघालो होतो. माझ्या आकडेमोडीत एक लिटर पाणी होतं, हे नव्हतं. पण म्हणून त्यांनी चार महिने खिडकीला बांधून राहायचं, हेही मला पटत नाही. मान द्यायचा म्हणून कोणाचा गुरुवार घ्यायचा नसतो.

सध्या असं चाललंय. ड्रायर आलेला नाही. टॉवेल, चादरी, आमचे कपडे आत, खिडकी चार बोटं उघडी, एक्झॉस्ट चालू. बाळाचे बारके कपडे दांडीवर, पण पहारा वाटून घेतलाय. मंगळवार आणि गुरुवार माझे, कारण मी घरी असते. शनिवार नवऱ्याचा. पहिल्या शनिवारी मॅच चालू होती आणि अकरा लंगोट भिजले. दुसऱ्या शनिवारी त्याने पुन्हा ड्रायरच्या किमती बघायला घेतल्या. सासऱ्यांना रविवार दिलाय. त्यांनी चिमटे कुठे असतात हे विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, असं आई म्हणाल्या.

गेल्या गुरुवारी आई भजनाला गेल्या. सव्वाचारला माझ्या मीटिंगमध्ये त्यांचा फोन. मागे टाळ चालू होते.

‘पॅगोडा दिसतोय ना गं?’

मी म्हटलं, दिसतोय. आणि उठून एकदा बघून आले.

चला, तुमच्या घरी काय पद्धत आहे ते व्हॉइस नोटमध्ये नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.