मापाची मूठ
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च आणि रुग्णसेवेचे आकडे अहवालाच्या पुढील पानांत सविस्तर दिले आहेत. ते येथे वाचून आपला वेळ आम्ही घेणार नाही. आज एका लहानशा वस्तूविषयी बोलण्याची अनुमती असावी. ती वस्तू म्हणजे हातात धरावयाच्या साधनाची मूठ. पुनर्वसन विभागासाठी जी विनंती आम्ही शेवटी करणार आहोत, तिचा उगम या मुठीत आहे. हा विषय आम्हांस सुचला तो अमेरिकेतील एका उपक्रमाची माहिती वाचनात आल्यामुळे.

इराक आणि अफगाणिस्तान येथील युद्धांत जखमी झालेले अनेक अमेरिकी सैनिक वॉशिंग्टनमधील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात उपचार घेत असत. स्फोटांमुळे कोणाचा हात गेला होता, कोणाची बोटे, तर कोणाचा हात शाबूत असूनही त्याची पकड गेली होती. नौदलातील निवृत्त कॅप्टन एड निकोल्सन यांनी २००५ साली या सैनिकांसाठी ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ हा उपक्रम आरंभिला. गळाने मासे धरण्याचा छंद शिकवून त्यांना रुग्णालयाच्या खाटेवरून नदीकाठी न्यावे, हा त्यामागील हेतू. पुढे २०११ मध्ये ते रुग्णालय बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयाशी एकत्र करण्यात आले. उपक्रम मात्र तोवर देशभर पसरला होता. जीवदयेचा विचार करणाऱ्या आमच्या काही देणगीदारांच्या समाधानासाठी सांगतो, की या छंदात धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देण्याची रीत बऱ्याच ठिकाणी रूढ आहे.

जखमी सैनिकाला खेळ कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राजवळच आहे. सांगली जिल्ह्यातील जवान श्री. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनी पोहणे जवळ केले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. रुग्ण म्हणून जगण्यापलीकडे काही करता येते, हा विश्वास माणसाला खेळातून परत मिळू शकतो.

आता त्या गळाच्या काठीकडे वळू. पिसे आणि दोरा यांची कृत्रिम माशी बनवून ती पाण्यावर फेकावयाची, असा हा प्रकार आहे. एका हाताने काठी झुलवायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने दोर ओढायचा किंवा सोडायचा. काम मुळातच दोन हातांचे. तेव्हा हौशी कारागीर जखमी सैनिकांस भेट देण्यासाठी काठी घडवू लागतात, त्या वेळी त्यांच्यापुढे पहिला प्रश्न मुठीचा असतो.

ही मूठ बहुधा बुचाची असते. ओक जातीच्या एका वृक्षाच्या सालीपासून बूच मिळते. पोर्तुगाल हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक देश. झाड न तोडता साधारण दर नऊ वर्षांनी त्याची साल काढतात. बुचाच्या अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकापुढे एक ओवून चिकटवितात, लेथवर त्यांना आकार देतात आणि कार्बन तंतूंच्या पोकळ काठीवर बसवितात. बूच वजनाला हलके असते, थंडीत हाताला गार लागत नाही आणि ओले झाले तरी फारसे निसटत नाही.

नेहमीच्या मुठीला अंगठा टेकण्यासाठी पुढच्या बाजूस बहुधा थोडा उंचवटा असतो. ज्याचा अंगठाच गेला आहे, त्याला तो उंचवटा निरुपयोगी, कधी अडचणीचाही ठरतो. पकड दुबळी झाली असेल, तर मूठ जाड केल्याने धरणे सोपे जाते. पण फार जाड केली, तर उरलेली बोटे तिच्याभोवती पोहोचत नाहीत. मनगटात बळ नसेल, तर मूठ मागे लांबवून पट्ट्याने कोपराखालच्या हाताला बांधावी लागते, म्हणजे काठीचा भार मनगटाऐवजी हातावर येतो. कृत्रिम हाताला धातूचा आकडा असेल, तर तो गुळगुळीत पृष्ठावरून घसरतो आणि मऊ बूच कुरतडतो. तेथे खाच किंवा अधिक कठीण वेष्टन हवे. आणि ज्या हाताची संवेदना गेली आहे, त्याच्या मुठीला एकही धारदार कड चालत नाही. बधिर हाताच्या जखमा पुष्कळदा वेदना न कळल्यामुळे, रोजच्या कामातील दाबाने आणि घर्षणाने होतात, हे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर उपचार करताना दाखवून दिले होते.

अशा काठीवर सैनिकाचे नाव लिहितात, त्याच्या पलटणीच्या रंगांच्या धाग्यांची गुंफण करतात. देणाऱ्याचा जीव त्या सजावटीत रमतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ही सजावट कितीही देखणी असली, तरी मूठ हाती बसली नाही तर काठी भिंतीवरच राहणार. म्हणून आधी त्या माणसासमोर बसून त्याच्या उरलेल्या हाताचे माप घ्यावे लागते.

हे वाचताना आमच्या मनात आमच्याच रुग्णालयातील एक प्रसंग उभा राहिला. तो सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी कडबाकुट्टी यंत्रात उजव्या हाताची चार बोटे गमावलेल्या एक शेतमजूर भगिनी आमच्याकडे दाखल झाल्या. जखम उत्तम भरली. एका देणगीतून आम्ही त्यांना रबरी बोटांचा, खऱ्यासारखा दिसणारा पंजा दिला. छोटा समारंभ झाला, छायाचित्र निघाले, अहवालात ते छापलेही. आमच्या नोंदवहीत लाभार्थींच्या रकान्यात एक आकडा वाढला. सहा-सात महिन्यांनी त्या नातवाला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आल्या, तेव्हा पंजा हातात नव्हता. आम्ही विचारले, तर संकोचून म्हणाल्या, “साहेब, हात लई चांगला दिलात. लग्नाकार्यात घालते की. पण त्यात खुरपं धरत नाही.”

खुरपे धरता येत नाही म्हणून त्यांची रोजची मजुरी बंद होती. आणि आमच्या दप्तरी मात्र त्यांचे पुनर्वसन पूर्ण झाले होते!

त्यानंतर आमच्या व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी त्यांना ओल्या शाडूचा गोळा धरावयास दिला. अंगठा आणि तळवा यांत तो जसा दाबला गेला, तो आकार आमच्या सुतारकाकांनी बाभळीच्या लाकडात उतरविला, त्यावर सायकलच्या ट्यूबचे रबर चढविले आणि मनगटासाठी चामडी पट्टा लावला. पहिली मूठ जड झाली. दुसरीचा पट्टा व्रणावर घासू लागला. तिसरी जमली. तिचा खर्च त्या पंजाच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही. मात्र तीन खेपा, दोन माणसांचे कित्येक तास आणि त्या भगिनींचा धीर तिला लागला. पुढच्या हंगामात त्या खुरपणीस जाऊ लागल्या.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वस्तू आली, दिली, शिल्लक राहिली, या तीन रकान्यांत आमचे आयुष्य गेले. ‘दिलेली वस्तू वापरात आहे काय?’ हा चौथा रकाना आम्ही कधी आखला नव्हता. त्याचा दोष त्या पंजाकडे अथवा देणगीदाराकडे जात नाही. तो आमचा आहे. सहा महिन्यांनंतरच्या भेटीची नोंद करणारा हा रकाना यंदापासून पुनर्वसन विभागाच्या वहीत घालण्यात आला आहे.

आता आमची विनंती. साधनांसाठी देणगी मिळते, कारण साधन दाखविता येते. माप घेण्याचा वेळ, दुरुस्तीच्या खेपा आणि घरी जाऊन केलेली विचारपूस दाखविता येत नाही, म्हणून त्यांसाठी सहसा कोणी देत नाही. एक लहान कार्यशाळा, सुतारकाकांचा पगार आणि व्यवसायोपचार तज्ज्ञांचा गावोगावचा प्रवास, एवढ्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी विश्वस्त मंडळास आणि देणगीदारांस आमची नम्र प्रार्थना आहे. देणगीदारांची नावे आम्ही कार्यशाळेच्या भिंतीवर आदराने लावू. मुठीवर मात्र ती लावता येणार नाहीत. तेवढी जागा ज्याचा हात आहे त्याच्यासाठी मोकळी राहू द्यावी.

रुग्णांच्या कुटुंबीयांनाही एक सांगणे आहे. आम्ही दिलेली वस्तू पेटीत पडून असेल, तर भिडेखातर चांगली आहे असे म्हणू नका. परत घेऊन या. दुसरी करू, तीही बसली नाही तर तिसरी करू.