दस्त्याचे लाकूड



जबलपूरच्या मराठी घरांत शस्त्रनिर्मितीचा विषय परका नाही. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली उभा राहिला आणि कित्येक कुटुंबांचा दिवस कारखान्याच्या भोंग्याने सुरू होऊ लागला. तथापि शस्त्र म्हटले की डोळ्यांपुढे पोलाद येते. ते पोलाद ज्याच्या आधाराने खांद्याला लागते, त्या लाकडी दस्त्याचा विचार क्वचितच होतो. हा जुना दस्ता हाताने पुन्हा नीट कसा करतात, एवढाच आजचा विषय आहे.

उदाहरण घ्यावयाचे ते सर्वांच्या परिचयाच्या ‘थ्री-नॉट-थ्री’चे. ली-एन्फील्ड रायफलीचा १९०७ चा नमुना बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात दीर्घकाळ तयार होत असे. १९६२ च्या युद्धानंतर त्याच घडणीची ७.६२ मिलिमीटरची रायफलही तेथेच निघाली. सैन्यातून गेल्यावरही पोलीस दलांत ती टिकली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. एवढे आयुष्य पाहिलेल्या दस्त्यावर घाम, वंगण, धूळ आणि धक्के यांचे थर चढलेले असतात. असे काम परवानाधारक शस्त्रकारानेच करावयाचे असते, आणि रायफल रिकामी असल्याची खात्री केल्यावाचून कशालाही हात लावावयाचा नसतो.

या रायफलीचा दस्ता अखंड नसतो. खांद्याला टेकणारा मागचा भाग वेगळा आणि नळीखालचा पुढचा भाग वेगळा. मागच्या भागातून एक लांब बोल्ट आरपार जातो व त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील लोखंडी पट्टीत अडकलेले असते. नवशिका कारागीर स्वाभाविकच मागचा भाग आधी सोडवू पाहतो. बोल्ट फिरतो, त्याबरोबर ते चौकोनी टोक फिरते आणि पुढचे लाकूड तडकते. म्हणून पुढचा भाग नेहमी आधी उतरवावा लागतो. साठ-सत्तर वर्षे शाबूत राहिलेला दस्ता या एका घाईने क्षणात निकामी झाल्याची उदाहरणे या व्यवसायात थोडी नाहीत.

लाकूड सुटे झाले की पहिले काम सफाईचे. टर्पेंटाइनमध्ये भिजविलेल्या फडक्याने वरचा काळा थर निघतो. यंत्राजवळचे लाकूड मात्र वर्षानुवर्षे वंगण पिऊन आतपर्यंत काळवंडलेले असते. तेथे खडूच्या भुकटीचा टर्पेंटाइनमध्ये कालविलेला लेप देतात. तो सुकताना आतले तेल शोषून घेतो. काढून टाकावा, पुन्हा लावावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला आडवाट नाही.

मग पोचे. आघाताने लाकडाचे तंतू तुटलेले नसून केवळ दबलेले असतील, तर ओले सुती फडके ठेवून त्यावर तापलेली इस्त्री टेकवितात. वाफ आत शिरते, तंतू फुगतात आणि खळगा वर येतो. तंतू तुटले असतील तेथे वाफेचा उपाय चालत नाही. त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा, रेषेला रेष जुळवून, बसवावा लागतो.

येथेच खरी अडचण उभी राहते. दस्त्यावर कारखान्याचे, दुरुस्तीचे, कधी पलटणीचे शिक्के ठोकलेले असतात. शिक्का हादेखील एक दाबलेला खळगाच. वाफेला त्यांतला भेद कळत नाही. जी वाफ जखम भरून काढते तीच ओळखही पुसून टाकते. म्हणून जाणता कारागीर शिक्क्याच्या आसपासचे पोचे तसेच राहू देतो. दस्ता त्यामुळे थोडा ओबडधोबड दिसतो, पण कोणत्या कारखान्यातून निघाला व कोणाच्या हाती राहिला हे त्याच्यावर वाचता येते.

पॉलिशपेपरचा मोह याहून घातक. मुळात लाकूड शेजारच्या धातूपेक्षा किंचित उंच ठेवलेले असते. गुळगुळीतपणाच्या हौसेने ते घासले की धातूच्या कडेखाली जाते, आणि गेलेले लाकूड परत येत नाही. दस्त्याच्या आतल्या बाजूस तर पॉलिशपेपर वर्ज्यच मानावा. गोळी सुटताना मागे येणारा धक्का यंत्रापासून लाकडाकडे जातो तो आतल्या दोन लहानशा पृष्ठांवरून. ती घासली गेली तर पकड सैल होते, नेम बिघडतो आणि कालांतराने लाकूडही फाटते. ऑस्ट्रेलियात मऊ लाकूड वापरावे लागले तेव्हा याच जागी तांब्याच्या पट्ट्या बसविल्या गेल्या. ईशापूरच्या अनेक दस्त्यांतला आडवा स्क्रूही लाकूड चिरू नये यासाठीच आहे. तो कोणा गावठी कारागिराची खूण समजून काढून टाकणारे शहाणेही आढळतात!

वरच्या बाजूस ओल्या फडक्याने पुसताच लाकडाची लव उभी राहते. सुकल्यावर तेवढीच बारीक पॉलिशपेपरने हलके काढावी. दोन-तीनदा असे केल्यावर ती पुन्हा उठत नाही.

शेवटी तेल. अक्रोडाच्या दस्त्याला लष्करी परंपरेत जवसाचे तेल देत. लाखेचे पॉलिश अधिक चमकते खरे, पण पाणी लागताच पांढरे डाग पडतात आणि आघाताने टवके उडतात. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन लाकडाच्या आतच घट्ट होत जाते. तळहाताने, उष्णता जाणवेपर्यंत, अगदी थोडे तेल चोळावे व उरलेले पुसून घ्यावे. जाड थर दिला तर तो आठवडाभर चिकट राहतो. आतल्या बाजूसही तेल द्यावे, कारण दमट हवा तेथूनच शिरते. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतलेला आहे. ती पाण्यात बुडवावीत किंवा मोकळी पसरून वाळवावीत.

एका दिवसात दोन हात देण्याचा प्रयत्न करू नये. पहिले काही दिवस रोज एक हात, पुढे आठवड्याला, मग महिन्याला. जोडणी करताना क्रम उलटा: मागचा भाग आधी घट्ट बसवावयाचा, बोल्टचे चौकोनी टोक सरळ उभे आहे हे पाहावयाचे, आणि मगच पुढचा भाग चढवावयाचा. हाताची पकड असते त्या मानेजवळ एक काळपट छटा बहुधा उरतेच. ती कितीही तेल दिले तरी जात नाही, आणि अनुभवी कारागीर ती घालविण्याच्या खटपटीत पडत नाहीत.