नाताळची खरेदी आणि बारमाही देणं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मेळावा डिसेंबरात ठेवलात, याबद्दल आम्हा परदेशात राहणाऱ्यांकडून मनापासून आभार. अमेरिकेत आम्हाला लांब रजा जमते ती नाताळातच. तिथला नाताळ कसा असतो ते थोडक्यात सांगते आणि त्यावरून आपल्या बॅचच्या निधीबद्दल एक विनंती करते.

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, म्हणजे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहण्याचा दिवस. दुसऱ्याच दिवशी ‘ब्लॅक फ्रायडे’चे सेल, सोमवारी ऑनलाइन खरेदीचा ‘सायबर मंडे’. हे सगळं उरकल्यावर मंगळवारी दानाचा नंबर लागतो. हा ‘गिव्हिंग ट्यूजडे’ न्यूयॉर्कमध्ये 2012 साली सुरू झाला. कल्पना चांगलीच आहे, फक्त पाकीट रिकामं झाल्यावर येते!

मी ऑनलाइन दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. या दिवसांत आमच्याकडे ‘कोड फ्रीझ’ असतो. गिऱ्हाइकांची गर्दी इतकी, की चालू यंत्रणेला कुणी हात लावायचा नाही. पडद्यावर ‘फक्त दोन तास शिल्लक’ असं उलटं धावणारं घड्याळ दिसतं ना, ते तुम्हाला विचार करायला उसंत मिळू नये म्हणून असतं. दिवाळीच्या सेलमुळे ते आता इथेही ओळखीचं झालंय.

दानही असंच हंगामी होतं. गरजूंना शिधा पुरवणारी पहिली ‘फूड बँक’ जॉन व्हॅन हेंगेल यांनी 1967 मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स इथे काढली. आज अशा संस्था देशभर आहेत. डिसेंबरात तिथे स्वयंसेवकांची रीघ लागते. पण शाळेतल्या मोफत जेवणावर असलेल्या मुलांची ओढाताण उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. शिवाय पुष्कळ जण घरात पडून राहिलेले डबाबंद पदार्थ आणून देतात. त्यापेक्षा पैसे उपयोगी पडतात, कारण संस्थेला हवं तेच घाऊक भावात घेता येतं.

आमच्या घरी आता नाताळात मुलांना प्रत्येकी एकच भेट. वाचलेल्या पैशांचे बारा भाग करून दरमहा खात्यातून परस्पर फूड बँकेला जातात. पहिल्या वर्षी धाकटीने विचारलं, “सांताला कळवलंस का हे?” आता जूनमध्ये तीच विचारते, “या महिन्याचे गेले का?”

आता आपल्या शाळेबद्दल. निधीतून पाण्याचा कूलर द्यावा, त्यावर बॅचच्या नावाची पाटी लावावी, असं ग्रुपवर ठरत आलंय. हेतू चांगलाच आहे. पण सॉफ्टवेअर बनवण्यापेक्षा ते वर्षानुवर्षं चालू ठेवणं महाग पडतं, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतं. कूलरचंही तसंच. फिल्टर कोण बदलणार? बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी मुख्याध्यापकांना विचारू या. ते कूलरच मागतील, नाहीतर प्रयोगशाळेचं सामान, किंवा मागायला संकोचणाऱ्या एखाद्या मुलाची सहलीची वर्गणी. जे सांगतील ते देऊ. आणि पुढे दरमहा, झेपेल तेवढं, वर्षभर देत राहू. पाटी नसली तरी चालेल.

ज्यांना हे पटेल त्यांनी जेवणाआधी आपल्या खजिनदारांकडे नाव नोंदवावं. पहिलं नाव माझं लिहून झालंय.