जिओ-टॅग कोणी करायचं?



घरकुलाचा हप्ता असो, रोजगार हमीची हजेरी असो की पिकाची नोंद, एक इंग्रजी क्रियापद आपल्या बीड जिल्ह्यात वाडी-तांड्यापर्यंत पोचलं आहे: जिओ-टॅग करणं. 'फोटो जिओ-टॅग करून टाका,' असं सांगितलं जातं. ऐकणारा मान डोलावतो, घरी येऊन साधा फोटो काढतो आणि तो फोटो पुढे चालत नाही. म्हणून आज हा शब्द नीट समजून घेऊ.

मधल्या आडव्या रेघेनं इथे दोन शब्द जोडले आहेत. जिओ म्हणजे पृथ्वी, जमीन. मूळ ग्रीक शब्द. त्या नावाच्या मोबाइल कंपनीशी याचा काही संबंध नाही. टॅग म्हणजे ओळखीची खूण, गाई-म्हशींच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यासारखी. फोटो जिथे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याला जोडले, की तो जिओ-टॅग झाला.

बीड शहर साधारण 18.99 उत्तर अक्षांश आणि 75.76 पूर्व रेखांशावर आहे. दशांश चिन्हापुढे असे दोनच आकडे असतील, तर किलोमीटरभराचा फरक राहतो. तेवढ्यात सबंध गाव मावतं. चार आकडे असले की फरक दहा-अकरा मीटरवर येतो. पण आकडे खरे यायचे तर मोबाइलला किमान चार उपग्रहांचा संदेश मिळावा लागतो. पत्र्याखाली किंवा दाट झाडाखाली तो नीट मिळत नाही. लोकेशन चालू करा, उघड्यावर या, थोडं थांबा, मगच फोटो काढा. जागा ओळखायला रेंज लागत नाही, ती लागते माहिती पाठवायला. बालाघाटाच्या डोंगरात, पाटोदा-आष्टीकडे राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आपल्याकडे जमिनीची ओळख सांगायची जुनी रीत चतुःसीमेची. खरेदीखतात पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला ओढा की रस्ता, हे लिहिलेलं असतं. तिथे शेजारी साक्षीला असतो. जिओ-टॅग फक्त एक बिंदू सांगतो. माणूस त्या जागी उभा होता, एवढं त्यानं कळतं. जमीन कोणाची किंवा काम कसं झालं, ते कळत नाही. म्हणून हा फोटो पंचनाम्याची जागा घेऊ शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

या क्रियापदाच्या वापरातली खरी अडचण मात्र वेगळी आहे. 'जिओ-टॅग करण्यात यावे' अशी सरकारी वाक्यं असतात, आणि त्यांत कर्ता नसतो. करायचं कोणी? 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत कर्ता शेतकरी स्वतः आहे. आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो त्यानंच घ्यायचा. ती नोंद सातबाऱ्यावर, गाव नमुना बारामध्ये येते. राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायक नेमले जातात. रोजगार हमीवर 1 जानेवारी 2023 पासून हजेरीचा फोटो बंधनकारक झाला. तो मजुरानं नाही, कामावर देखरेख करणाऱ्या मेटनं काढायचा. मेटच्या मोबाइलनं दगा दिला, तर हजेरी मजुराची बुडते. हा अन्याय आहे, आणि तो ग्रामसभेत बोलला गेला पाहिजे.

आपल्या ऊसतोड कामगारांचं तर आणखी अवघड. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर गेलेल्या माणसाचं रब्बीचं पीक इथे उभं, आणि तो तिकडे उसाच्या फडात. ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून गावात राहिलेल्या भावकीतल्या तरुण मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावं. आणि कोणी जिओ-टॅग करायला सांगितलं, तर आधी विचारा: कोणी करायचं, कधीपर्यंत, आणि झाल्याची नोंद मला कुठे दिसेल?