पदरात मूल, हातात काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि बोलणे म्हणाल तर ते पोळ्या लाटता लाटता. परंतु चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, की “तुमच्या घरी दुसऱ्याची मुलगी राहते आणि तुम्ही डब्यांचा व्यवसायही करता, दोन्ही कसे जमवता ते सांगा.” कसे जमले ते सांगतेच, पण आधी कसे जमले नाही, ते सांगते. त्याचाच उपयोग जास्त होईल.

मुलीचे नाव मी घेणार नाही. अशा मुलांची ओळख छापून उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. आपण तिला चिमी म्हणू.

चिमी आमच्याकडे आली तेव्हा दहा वर्षांची होती. वडील नाहीत, आई दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेली, आणि नात्यातले कोणी पुढे येईना. आम्ही उभयता कऱ्हाडहून साताऱ्यास बाल कल्याण समितीपुढे गेलो. घराची चौकशी झाली आणि समितीच्या आदेशाने, बालसंगोपन योजनेखाली, ती आमच्या घरी राहावयास आली.

येथे एक गैरसमज दूर करते. हे दत्तक नव्हे. दत्तक घेतलेले मूल कायमचे आपले होते. संगोपनाला आलेले मूल ही ठेव असते. आईबाप सावरले की ठेव परत करायची. म्हणून चिमी मला काकू म्हणते. तिची आई आहे, आणि आई हे नाव त्या बाईंचेच.

त्या वेळी माझे रोजचे 22 डबे होते. कॉलेजातली मुले सकाळी डबा नेत. पहाटे चारला उठावे, कणीक तिंबावी, भाजी फोडणीला टाकावी, साडेनवापर्यंत सगळे डबे भरून व्हावेत. एक दिवस पाहते तो चिमी माझ्याआधी उठून डबे पुसते आहे! मला कौतुक वाटले. दुसऱ्या दिवशी ती पोळ्यांना तेल लावू लागली. मी म्हटले, पोरीला वळण चांगले आहे. दिवाळीत फराळाची 40 किलोंची मागणी आली, तेव्हा तर रात्री अकरापर्यंत ती चकल्या मोजून पिशव्यांत भरीत बसे. मी “झोप आता” म्हणे खरी, पण तिच्या हातातली पिशवी काही काढून घेत नसे. खरे सांगायचे तर तिच्या हातांची मला मदत होत होती.

एका शेजारणीने बोलून दाखवले, “बरे आहे, सरकार पैसेही देते आणि कामाला माणूसही देते.” मला राग आला. चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

मग शाळेतून बाईंचा निरोप आला, की मुलगी वर्गात झोपते. म्हणून मी तिची वही उघडून पाहिली. शेवटच्या पानावर तारखा घालून लिहिले होते: ‘22 डबे पुसले. पोळ्यांना तेल लावले. मेथी निवडली.’ रोजचा असा हिशेब. मी विचारले, “हे कशाला गं?” तर म्हणाली, “माझ्या जेवणाचे फिटायला नको का, काकू?”

भगिनींनो, त्या रात्री मला अन्न गेले नाही. मागे एकदा मी ह्यांच्याशी बोलताना “खर्च वाढला हो” असे म्हटले होते. पोर पांघरुणात जागी होती. शेजारीण बोलली ते मला झोंबले, कारण त्यात अर्धे खरे होते.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून चार गोष्टी ठरवल्या.

पहिली, चिमीचा हात डब्यांना लागणार नाही. आपले ताट उचलावे, आपली वळकटी घालावी, हे घरचे काम घरच्या मुलीसारखे तिने करावे. पण ज्या कामाचे मला पैसे मिळतात, ते काम तिचे नव्हे. घरात धंदा असला की ही रेघ पुसट होते. ती आपणच ठळक ओढावी लागते.

दुसरी, डबे 22 चे 16 केले. सहा डबे गेले म्हणजे महिन्याचे सुमारे 3,000 रुपये सुटायचे ते बुडाले. सोपे नव्हते, ह्यांनी सहा महिने नवी सायकल घेण्याचे पुढे ढकलले.

तिसरी, अनुदानाचे. योजनेची रक्कम आधी महिना 425 रुपये होती, पुढे 1,100 झाली आणि 2023 साली 2,250 ठरली. ती मुलाच्या संगोपनासाठी आहे. माझा पगार नव्हे, की तिच्या कामाची मजुरी नव्हे. तिचा खर्च मी वेगळ्या वहीत लिहिते आणि तिलाच वाचायला देते. दप्तर, चष्मा, दूध. आपले खाणे कोणावर ओझे नाही, हे तिला डोळ्यांनी दिसले पाहिजे.

चौथी, संध्याकाळी सहा ते सात शेगडी बंद. ती घटका तिची. कधी अभ्यास, कधी नुसत्या गप्पा, कधी रुसवा. मुलाला आपला सगळा दिवस लागत नाही. पण ठरलेली वेळ मोडून चालत नाही.

राहिला प्रश्न साताऱ्याच्या खेपांचा. तारीख असली की एस.टी.ने जाण्यायेण्यात दिवस मोडतो. तेथे मंडळाच्या दोघी बहिणी पाठीशी उभ्या राहिल्या. त्या दिवशीच्या पोळ्या त्या करतात आणि मी पोळीमागे पैसे देते. उपकार म्हणून मागितले असते तर दोनदा जमले असते. रीतसर ठरवले म्हणून आज दोन वर्षे चालले आहे.

हल्ली चिमी कधी कधी ताट तसेच टाकून खेळायला पळते. मी ओरडते; मनातून बरे वाटते. हिशेब ठेवणारी पोर ताट टाकून पळत नाही.

तिची आई आता उठून बसते, चार पावले चालते. एक रविवार आड आम्ही भेटीस जातो. बहुधा पुढच्या वर्षी चिमी आपल्या घरी जाईल. तसे व्हावे, हीच इच्छा. तेव्हा डबे पुन्हा 22 करता येतील. सहा ते सातचे काय करायचे, ते मला अजून सुचलेले नाही.

आपल्यापैकी कोणाच्या मनात असे मूल सांभाळावयाचे असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, वयाच्या व इतर अटी पाळून, एकट्या स्त्रीलाही संगोपनासाठी मूल घेता येते. काम करते म्हणून कोणी मागे हटू नये. फक्त आपल्या कामात मुलाचे हात धरू नयेत. आणि ज्यांना मूल घेणे शक्य नाही, त्यांनी घेणारीच्या चार पोळ्या लाटाव्यात.